टाकीची खूण

स्ट्रासबूर्गहून आल्याच्या तिसऱ्या दिवशी
फोन आबाच्या हातात दिला.
त्याने हात धोतराला पुसले,
मग धोतर झटकलं,
काळ्या दगडाचं पीठ साक्रीच्या उन्हात उडालं
आणि फोनवरच बसलं.

हे चर्च, म्हटलं. खूप जुनं.
पवनचक्कीच्या ट्रेनिंगला तीन आठवडे,
रविवारी वर्कशॉप बंद, मग जाणार कुठे.
उंच कितलं?
आपल्या पठारावरच्या दोन पवनचक्क्या
एकीवर एक ठेव, पाती सोडून.
आबाने पठाराकडे पाहिलं, मनात ठेवून पाहिल्या.
वीज बनस का तठे?
नाही.
बरं.

मी आतले फोटो दाखवले,
दोन्ही बाजूंनी वर जात जात
टोकाशी एकमेकांना भेटणाऱ्या कमानी,
गोल खिडकी, तिचा जांभळा उजेड
एका बाईच्या पांढऱ्या बुटांवर सांडलेला.
सुपातलं फोल उडवावं तसे
त्याने ते अंगठ्याने उडवले.
एका मेणबत्तीचे दोन युरो दिले, हे बोलून गेले.
त्यात इथे पाट्याला किती वेळा टाकी लागते
याचा हिशेब त्याने मोठ्याने केला.

दगड कोनता?
गुलाबी. पिकल्या बोरासारखा.
म्हंजे नरम. नरम दगडले नक्षी चालस,
आपला काया दगड आयकस नही.
हे त्याने असं सांगितलं
जसं एखादा आपल्या हट्टी पोराबद्दल सांगतो,
तक्रार करत, छाती काढून.

दुसरा कळस कथा शे?
बांधलाच नाही. एकच आहे.
पैसा सरी ग्या व्हई.
मी म्हटलं, आबा, पिढ्यान्‌पिढ्या काम चाललं होतं,
ज्याने पाया भरला त्याला कळस दिसलाच नाही.
(हे वाक्य मी विमानात जुळवून ठेवलं होतं.)
पाया भरनारले मजुरी येयवर भेटे ना?
ते मी विचारलं नव्हतं.
तिथे कुणीच विचारत नव्हतं.

मग तो फोटो आला, हललेला,
जो मी पुसणार होते.
जिन्यात काढलेला. तीनशेच्या वर पायऱ्या, गोल गोल.
मी टॉवर चढणारी बाई, दमत नाही,
पण पुढचं म्हातारं जोडपं धापा टाकत थांबलं
म्हणून भिंतीला टेकले,
तर खांद्यापाशी दगडात काहीतरी टोचलं.
एक उभी रेघ, तिला दोन तिरप्या,
बाणासारखं, बोटभर.
गवंड्याची खूण.
कुणाचा दगड कुठला ते कळावं,
मजुरी मोजता यावी, म्हणून असेल.

आबाच्या खुणेला तीन टिंबं आणि एक आडवी रेघ.
आमच्या प्रत्येक पाट्याच्या पोटाशी ती असायची.
टाकी लावायला पाटा परत आला
की तो आधी उलटा करायचा, आणि ओळखायचा.
आता मिक्सर आले.
अर्ध्या गल्लीत त्याची खूण
मोरीच्या पायरीखाली पालथी पडली आहे.

फोटो त्याने दोन बोटांनी मोठा केला.
हे त्याला कधी शिकवलं कुणी, मला माहीत नाही.
फोन तिरका धरला. उन्हाकडे पाठ केली.
समोर धुडकूबाबा टाकी लावून घ्यायला बसलेला,
त्याचा चहा निवला.
शेवटी खालच्या पिठात
आबाने ती खूण बोटाने काढली.
पुसली. परत काढली, या वेळी डाव्या हाताने.

डावरा व्हता तो, म्हणाला.
रेघ जठून सुरू व्हस तठे खोल ऱ्हास.
देख, उलट्या बाजूनी खोल शे.

सातशे वर्षं.
दाराशी माहितीची पाटी होती, चार भाषांत,
कानाला लावायचं यंत्र होतं, त्याचे वेगळे पैसे.

नाव काय व्हतं त्यानं?
माहीत नाही, आबा.
त्याने मान हलवली,
कामावर न आलेल्या माणसाबद्दल
हलवतात तशी,
आणि धुडकूबाबाचा पाटा पायात धरला.
एक कपची उडून चहात पडली.
पठारावर तिसऱ्या नंबरची पवनचक्की बंद होती,
उद्या मला तिच्यावर चढायचं आहे.